एसी बिघडलेला नाही, आई!

गावाकडच्या घरी ईएमआयवर एसी बसवला, की आपलं काम संपलं असं वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं... फोनवर!

पहिला पगार झाला की आईला साडी आणि बाबांना घड्याळ, हा आपल्याकडचा जुना रिवाज. नोकरीत दोन-तीन वर्षं मुरलो की गिफ्टची साइज वाढते. मग वॉशिंग मशीन येतं, मोठा टीव्ही येतो. आणि आपलं घर विदर्भात असेल, तर एखाद्या एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईच्या गारेगार ऑफिसात बसून आपण एसी बुक करून टाकतो. डिलिव्हरीचा पत्ता गावचा, ईएमआय आपला! भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र एसीचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो, मावश्या-आत्या धडाधड अंगठे दाखवतात, आपण खूश. आणि आठवडाभरात फोन सुरू होतात. "एसीतून आवाज येऊन राह्यला." "पाणीच पडून नाही राह्यलं." "बंद केला तरी बंद होत नाही बाप्पा!"

माझं घर पांढरकवड्याचं. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हायवेवर. पुढे गेलात की पैनगंगा, आणि नदीपलीकडे आदिलाबाद, म्हणजे तेलंगण. आमच्या गावाचं नाव पेपरात आलं तर कापसामुळे किंवा वाघांमुळे. टिपेश्वरचं अभयारण्य शेजारीच आणि २०१८ मध्ये अवनी वाघिणीच्या बातम्यांत पांढरकवडा वनविभाग देशभर गाजला होता. पण आमच्याकडे तिसरीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊन. पुण्यात पारा चाळिशीला टेकला की ऑफिसात त्याच्यावर चर्चा झडतात. आमच्याकडे मे महिन्यात चाळीस म्हणजे 'आज जरा बरं आहे' असं असतं. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. आता बोला!

या उन्हावर विदर्भाने शोधलेला इलाज म्हणजे कूलर. मार्च संपता संपता तो माळ्यावरून उतरतो, त्याच्या ताट्या बदलतात, टाकी घासली जाते, पंप तपासला जातो. कूलरची भाषा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. घरघर वाढली तर ऑइलिंग, वारा गरम आला तर पाणी संपलं, वास आला तर ताट्या कुजल्या. कूलर लपवाछपवी करत नाही, जे आहे ते तोंडावर सांगतो. एसीचा प्रॉब्लेम इथेच आहे. तो कूलरच्या जागी येतो, पण कूलरची भाषा बोलत नाही. आणि ज्या माणसांनी चाळीस वर्षं कूलर सांभाळला, ती एसीचा प्रत्येक आवाज कूलरच्या डिक्शनरीत शोधतात.

हे सगळं गमतीचं वाटेल. मलाही वाटायचं, २०२४ च्या मे महिन्यापर्यंत. आमच्या घरी एसी बसून दहा दिवस झाले होते. एका रात्री बाबांना आतून 'टक्... टक्...' असा आवाज ऐकू आला. वायरिंग जळालं तर काय घ्या, म्हणून त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. कूलर तर एसी येणार म्हणून माळ्यावर गेलेला. तीन दिवस दोघं जण स्लॅबखालच्या खोलीत पंख्याच्या गरम वाऱ्यात राहिले. मला फोनवर काही बोलले नाहीत. "तिचे पैसे वाया गेले असं तिला वाटेल," हे आईचं लॉजिक! चौथ्या दिवशी दुपारी आई ओट्याजवळ गरगरून खाली बसली. शेजारच्या काकूंनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांनी सलाइन लावलं, संध्याकाळी ती घरी आली. सगळं ठीक झालं. पण या चार दिवसांत एसी भिंतीवर होता आणि अगदी ठणठणीत होता!

मी त्याच आठवड्यात घर गाठलं. फ्रीलान्स असण्याचा एवढा तरी फायदा असतो, लॅपटॉप कुठेही उघडता येतो. आठ दिवस मी काम करता करता त्या एसीशी संसार केला. एक साधा खोलीचा थर्मामीटर घेतला, मॅन्युअल वाचलं (आमच्या मॅन्युअलमध्ये मराठी नव्हतंच), आणि आईबाबांची एकेक तक्रार तपासली. त्यातून जो फंडा क्लिअर झाला, तो हा.

टक्, कट्, चर्रर्र...

एसीच्या आतल्या युनिटचं अंग प्लॅस्टिकचं, आतली जाळी अॅल्युमिनियमची आणि नळ्या तांब्याच्या. थंड झालं की हे सगळे आकसतात, गरम झालं की फुगतात, पण प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने. त्या ओढाताणीत जे सांधे कुरकुरतात, तोच हा टक् टक् आवाज. आमच्याकडे खोली तापलेली असते भट्टीसारखी आणि त्यात एकदम गार हवा सुटते, मग आवाज जरा जास्तच. दिवसा रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये तो ऐकू येत नाही, रात्री दोन वाजता मात्र कुणी खिडकी ठोठावल्यासारखा वाटतो. स्टॅबिलायझर असेल तर व्होल्टेज वर-खाली झालं की त्याच्या आतला रिले 'टक्' करतो. तो त्याचं काम करतोय, बस्स.

दुसरा आवाज पाण्याच्या गुळगुळीचा किंवा सापासारख्या फुस्सचा. हा आईला जास्त छळायचा. एसीच्या नळ्यांमधून गॅस फिरतो. तो कधी द्रव असतो, कधी वायू. कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होताना या फिरण्याचा वेग बदलतो आणि तो ऐकू येतो. पोटात गुडगुड झाली म्हणून आपण लगेच ऑपरेशनला धावतो का?

तीन मिनिटांचा सस्पेन्स

पांढरकवड्यात उन्हाळ्यात लाइन जाते. येते, पुन्हा जाते. लाइन आली की पंखा लगेच फिरतो, टीव्ही लगेच लागतो, पण एसी नुसता वारा सोडत बसतो, गारवा नाही! बाबा मग रिमोट दाबायचे, बंद करायचे, पुन्हा चालू करायचे.

झालं असं असतं की कॉम्प्रेसर एकदा थांबला की नळ्यांतल्या एका बाजूचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी राहतो. अशा वेळी लगेच स्टार्ट केला तर मोटरवर प्रचंड लोड येतो. म्हणून मशीनमध्येच सोय असते, साधारण तीन मिनिटं कॉम्प्रेसर चालूच होत नाही. स्टॅबिलायझरचं स्वतःचंही असंच वेटिंग असू शकतं. म्हणजे बाबा घाईघाईने ऑन-ऑफ करत होते, तेव्हा प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर जात होतं. यावर उपाय एकच. रिमोट खाली ठेवा आणि चहा टाका. चहा उकळेपर्यंत गारवा येतो.

पाणी कुठे गेलं?

ही तक्रार खास आमच्या मुलखातली. "जोश्यांच्या मुंबईच्या पोराच्या एसीतून बादलीभर पाणी पडते म्हणे, आपल्यातून थेंब नाही. काहून?"

एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढतो. खरं तर त्याचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर नावाच्या तरुण अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचं मुख्य काम होतं हवेतलं बाष्प आवरणं. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाई हलायची. माणसांना गार वाटलं, तो बोनस!

मुंबईच्या हवेत पाणी ठासून भरलेलं असतं, म्हणून तिथल्या एसीची नळी वाहते. मे महिन्यातली आमची दुपार मात्र पापडासारखी कोरडी. हवेत पाणीच नाही, तर एसी काढणार कुठून? तेव्हा मे महिन्यात नळी कोरडी असेल तर एसीला नाही, उन्हाला दोष द्या. हाच एसी जुलैमध्ये धो धो पाणी टाकतो. त्याच वर्षी जुलैमध्ये नवा फोन आला, "एसीतून धूर निघून राह्यला!" तो धूर नव्हता, धुकं होतं. पावसाळी ओलसर खोलीत एकदम गार हवा शिरली की बाष्पाचे बारीक थेंब होतात. हिवाळ्यात आपल्या तोंडातून वाफ निघते, तसंच. धूर असेल तर जळका वास येतो. धुक्याला वास नसतो.

जाता जाता एक सांगते. आमच्या गल्लीत काही जण एसी आणि कूलर एकाच खोलीत जोडीने लावतात. डबल गारवा! पण कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच काढत बसतो. दोघांचं भांडण आणि बिल तुमचं. जोडीला पंखा लावा, तो चालतो.

बंदच होत नाही!

जुन्या एसीची सवय असलेल्यांना वाटतं, खोली गार झाली की बाहेरचं युनिट 'खट्' करून थांबलं पाहिजे. इन्व्हर्टर एसीचा स्वभाव वेगळा. तो थांबत नाही, हळू होतो. स्कूटर सिग्नलला बंद करून पुन्हा किक मारण्यापेक्षा संथ गतीने चालवत राहावी, तसं. त्यामुळे बाहेरचं युनिट तासन् तास हलकेच गुणगुणत असेल, तर ती बचत चाललेली असते, उधळपट्टी नाही.

काही मॉडेलमध्ये रिमोटने बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो आणि झडप उघडीच राहते. आतली जाळी वाळवण्यासाठी ती सोय असते, नाहीतर बुरशीचा वास धरतो. आणि बाहेरच्या युनिटमधून चटका बसेल अशी हवा येते म्हणून घाबरू नका. तुमच्या खोलीतली उष्णता बाहेर फेकली जातेय, ती गरम नाही लागणार तर काय!

सोळावर लावला तरी...

हा सगळ्यात इमोशनल मुद्दा. "एवढे पैसे घातले, सोळावर लावला, तरी खोली सोळा होत नाही!"

मुळात एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. आमच्याकडे बाहेर ४५ असतं. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं एसीला उष्णता बाहेर टाकणं जड जातं आणि तितकी त्याची ताकद घटते. त्यात वरचा मजला असेल तर दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब संध्याकाळी सातनंतर उष्णता खाली सोडायला लागतो. म्हणून रात्री आठला लावलेला एसी अकरापर्यंत धापा टाकतो, तो बिघाड नाही. भर उन्हात खोली २६-२७ वर स्थिरावली तर एसीने मैदान मारलं असं समजा. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा, एसीचे निम्मे कष्ट तिथेच वाचतात.

सोळा आकडा लावला म्हणून हवा जास्त गार किंवा खोली जास्त लवकर थंड होत नाही. तो आकडा म्हणजे 'कुठे थांबायचं' एवढाच निरोप. सोळा सांगितलं तर बिचारा रात्रभर सोळा शोधत धावतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार रेटिंगच्या एसीचं डीफॉल्ट तापमान २४ ठेवण्याचा नियम आला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या हिशेबाने एक अंश वर सरकवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २४ ते २६ आणि डोक्यावर पंखा, हे कॉम्बिनेशन बेस्ट!

"गॅस संपला मॅडम"

आता खरा खिशाचा विषय. मी घरी पोहोचायच्या आदल्या दिवशी ओळखीतल्या कुणीतरी एक मेकॅनिक पाठवला होता. त्याने बाहेरच्या युनिटला हात लावून पाहिला आणि निदान केलं, गॅस कमी आहे, भरावा लागेल. दहा दिवसांच्या एसीत! बाबा पैसे द्यायला तयारही झाले होते.

एसीचा गॅस हा स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी लीक आहे. तेव्हा कुणी 'दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो' म्हणालं, तर शांतपणे विचारा, "आधी लीक दाखवा. दुरुस्त करा. मग भरू." लीक तसाच ठेवून भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याला पुन्हा गायब. शिवाय आताच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ असतो आणि तो थोडासा ज्वलनशील आहे. त्याच्याशी खेळ शिकलेल्या हातानेच करावा. वॉरंटीत असताना तर बाहेरच्या माणसाला स्क्रूही उघडू देऊ नका.

गॅस आहे की नाही याचा घरगुती अंदाज थर्मामीटर देतो. एसी वीस मिनिटं चालू द्या. वरून हवा आत घेतो तिथलं तापमान पाहा आणि खालून सोडतो तिथलं पाहा. आठ-दहा अंशांचा किंवा त्याहून जास्त फरक असेल तर मशीन काम करतंय. आमच्याकडे वर ३४ होतं, खाली २१. मी तो आकडा बाबांना दाखवला. रिटायर्ड मास्तर असल्यामुळे आकडा म्हटल्यावर ते जरा ऐकतात! त्यांनी मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवलं.

मग घाबरायचं कधी?

प्रत्येक वेळी 'काही नाही होत' म्हणणंही बरोबर नाही. जळका वास आला, एमसीबी पुन्हा पुन्हा पडायला लागला, आतल्या जाळीवर किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ धरला, पाणी नळीऐवजी खोलीच्या भिंतीवरून ओघळलं, लोखंड घासल्यासारखा करकर आवाज सुरू झाला, किंवा डिस्प्लेवर अक्षर-आकड्यांचा कोड लुकलुकायला लागला, तर एसी बंद करा आणि कंपनीला फोन लावा. गारवा कमी वाटला तर आधी फिल्टर काढून धुवा. आमच्याकडच्या धुळीत आणि कापसाच्या तंतूंत तो पंधरा दिवसांत बुजतो. फिल्टर धुतला की निम्म्या तक्रारी वाहून जातात.

हे सगळं तुम्ही-आम्ही दोन मिनिटांत शोधून वाचू शकतो. आईबाबांचं तसं नसतं. त्यांच्यासाठी आवाज करणारी महागडी वस्तू म्हणजे जोखीम, आणि जोखीम आली की स्विच पाडायचा, हा आयुष्यभराचा शहाणपणा. या शहाणपणाने कधीकाळी शॉर्टसर्किटपासून घर वाचवलेलं असतं. पण पंचेचाळीस डिग्रीत तोच स्विच माणसाच्या अंगावर येतो. उष्माघात ही काही आता फक्त विदर्भातली गोष्ट राहिलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात माणसं दगावली, तेव्हा पारा आमच्या मे महिन्याच्या जवळपासही नव्हता. वय साठीपुढचं, बीपीची गोळी चालू, आणि वर सवयीने 'आम्हाला काही होत नाही' असा खाक्या. अशा घरी एसी ही चैन राहत नाही, औषधाच्या डब्याशेजारची वस्तू होते. औषध कसं घ्यायचं ते आपण लिहून देतोच ना?

मी तेच केलं. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी एका कार्डशीटवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि एसीखाली चिकटवलं:

१. टक् टक् म्हणजे प्लॅस्टिक. घाबरायचं नाही.

२. लाइन गेली-आली तर रिमोट न दाबता पाच मिनिटं थांबायचं.

३. मे महिन्यात पाणी पडत नाही. पावसाळ्यात पडतं.

४. जळका वास, बर्फ, भिंतीवरून पाणी: बंद करून मला फोन.

५. दुपारी बारा ते पाच 'आवाज येतो' म्हणून एसी बंद करायचा नाही.

दिवाळीत गेले तेव्हा कागद तिथेच होता, एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. खाली बाबांच्या वळणदार मास्तरी अक्षरात एक ओळ वाढली होती:

६. कूलर विकायचा नाही.